‘पैसा पाण्यावानी’ म्हणजे लै जपून: रोजच्या बोलण्यातली रूपकं

गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न आहे. त्यांच्या नववीच्या मुलांना रूपक अलंकाराची व्याख्या पाठ आहे, नयनकमल आणि मुखचंद्र ही उदाहरणंही ती न चुकता लिहितात. पण उतारा समोर ठेवला की त्यातलं रूपक सापडत नाही, आणि रोजच्या बोलण्यात रूपकं असतात हे तर त्यांना पटतच नाही. मग रूपक ओळखायचं कसं, शिकवायचं कसं? आणि एखादं रूपक चुकीचं किंवा वाईट असू शकतं का?

मॅडम, तुमच्या मुलांना रूपक कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांना नयनकमल कळत नाही. डोळ्यांना कमळ म्हणणारा माणूस त्यांच्या गल्लीत कुणी भेटलेला नाही. तीच मुलं मधल्या सुट्टीत काय बोलतात ते एकदा कान देऊन ऐका. “त्यानं माझं डोकं खाल्लं”, “सर आज लै तापलेत”, “तिला कुणी भाव देत नाही”. पाच मिनिटांत तीन रूपकं झाली. तास सुरू झाला की तीच मुलं वहीत नयनकमल लिहितात, कारण आपण त्यांना सांगितलेलं असतं की रूपक तिथं राहतं. बीड आणि लातूर जिल्ह्यांत मी 31 वर्षं मराठी शिकवली. त्यातली बरीचशी वर्षं मीही कमळापासूनच सुरुवात करत होतो. ती सवय एका मुलानं मोडली, ते आधी सांगतो.

2016 चा फेब्रुवारी होता. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका गावी होतो. विहिरी आणि बोअर कोरडे पडलेले, गाव टँकरवर. मी फळ्यावर वाक्य लिहिलं, “त्याने मुलीच्या लग्नात पैसा पाण्यासारखा खर्च केला”, आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “लै जपून केला, सर.” वर्ग हसला नाही. ती गोष्ट मला अजून आठवते, एकही पोर हसलं नाही. मी म्हणालो, चूक, उधळला असा अर्थ आहे. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “पाणी कोण उधळतंय, सर?” त्याच्या घरी बाजेवर बसून आंघोळ करायचे, खाली घमेलं ठेवायचे आणि घमेल्यात पडलेलं पाणी कपड्यांना वापरायचे. पुढच्या बाकावरची एक मुलगी मागं वळून म्हणाली, “आमच्यात पाणी पैशावानी वापरतेत.” दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या गाडीला जलदूत म्हणायचे.

त्या मुलाचं उत्तर परीक्षेत चूक ठरलं असतं. भाषेच्या दृष्टीनं मात्र त्यानं अगदी बरोबर काम केलं होतं. त्यानं पैशाशेजारी पाणी ठेवलं, पाण्याशी आपण कसे वागतो ते आठवलं आणि ते पैशाला लावलं. रूपक समजून घेणं म्हणजे हेच. फक्त ते वाक्य वाहत्या नदीकाठच्या माणसानं घडवलेलं होतं आणि ऐकणारा टँकरच्या रांगेत उभा राहिलेला होता. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे. रूपक कळायला शब्दाचा अर्थ माहीत असून भागत नाही. ज्या वस्तूवरून किंवा ज्या कामावरून ते घेतलंय, त्याच्याशी माणसाचा व्यवहार कसा आहे, तो ठाऊक असावा लागतो.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो, कारण परीक्षेत तो लागतोच. “पैसा पाण्यासारखा” ही उपमा, कारण ‘सारखा’ हा शब्द दोघांना वेगळं ठेवून जोडतो. आपल्याकडं ‘वानी’ म्हणतात तो पुस्तकातला ‘वाणी’च. ‘जणू’ आलं की उत्प्रेक्षा. आणि “पैसा आटला” म्हटलं की मधला सगळा पूल काढून टाकला, पैसा पाणीच झाला, ते रूपकाचं काम. पाठ्यपुस्तक उपमेय (जिचं वर्णन करायचं ती गोष्ट) आणि उपमान (जिच्याशी ती जोडायची ती गोष्ट) दोन्ही शब्द समोर असले तरच रूपक म्हणतं, तसं लिहायला मुलांना शिकवा. पण रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा उपमान स्वतः येत नाही, त्याचं क्रियापद येतं. “पैसा आटला” मध्ये पाणी हा शब्द कुठंच नाही. मुलांना उताऱ्यात रूपक सापडत नाही ते यामुळंच. ती नाम शोधत असतात आणि रूपक क्रियापदात लपलेलं असतं.

ओळखण्याची कसोटी आपल्याकडं फार जुनी आणि पक्की आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं, समजावताना तीन गोष्टी सांगितल्या. शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे, अडलेल्या आणि नव्या अर्थात काहीतरी नातं पाहिजे, आणि असं बोलण्यामागं रूढी किंवा काही हेतू पाहिजे. त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘गंगेवर गवळ्यांची वाडी आहे’. पाण्याच्या प्रवाहावर वाडी कशी असेल? म्हणून ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घ्यायचा. आणि तरी ‘गंगेवर’ म्हणायचं कशासाठी, तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाडीला लाभावं म्हणून. हे मी वर्गात संस्कृतातून कधीच सांगितलं नाही. आपल्याकडं गोदावरीकाठचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. परभणी जिल्ह्यात गंगाखेड आहे. “मामाचं गाव गंगेवर आहे” असं म्हणणारं एखादं पोर तुमच्या वर्गातही असेल. त्याला विचारा, गंगेवर म्हणजे पाण्यावर का? मम्मट त्याला दोन मिनिटांत कळतो.

मुलांना एवढंच सांगा, जिथं सरळ अर्थानं वाक्य खोटं पडतं तिथं थांबायचं. डोकं कुणी खाऊ शकत नाही, थांबा. सर तापलेत म्हणजे ताप आलाय का? नाही, थांबा. आणि थांबलं की पहिला प्रश्न विचारायचा, हा शब्द मुळात कुठल्या कामाचा?

‘खाणे’ हे एकच क्रियापद घ्या. मराठी माणूस काय काय खातो त्याची यादी करायला बसलात तर तास संपेल. मार खातो, शिव्या खातो, पैसे खातो, भाव खातो, वेळ खातो, डोकं खातो, हवा खातो, कच खातो, गटांगळ्या खातो. लोखंड गंज खातं. दोन गोष्टी मेळ खातात. मुलं यादी करून थांबतात, तुम्ही थांबू नका. त्यांना दोन ढीग करायला लावा. पैसे, वेळ, डोकं हा एक ढीग, इथं खाणारा घेतो आणि दुसऱ्याचं कमी होतं, भाकरी खाल्ली की ती ताटातून जाते तसं. मार, शिव्या, गटांगळ्या हा दुसरा ढीग, इथं खाणाऱ्याच्याच अंगात काहीतरी जातं आणि ते त्याला सोसावं लागतं. जेवणाचेच दोन पैलू आहेत हे. ताट रिकामं होणं हा एक आणि अन्न आत जाऊन अंगी लागणं हा दुसरा. एका ढिगाला पहिला पैलू मिळाला, दुसऱ्याला दुसरा. मग कुणीतरी विचारतंच, भाव खाणं कुठल्या ढिगात? याचं उत्तर मी सांगत नसे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ज्याच्या बापाची आडत असायची तो पोरगा बोलायचा. एका वर्षी एकानं सांगितलं की ज्या मालाला मागणी जास्त त्याला चढा भाव लागतो, माणूसही तसाच स्वतःला चढ्या भावाचा माल समजतो. दुसऱ्यानं त्याला अडवलं, मग ‘खातो’ कशाला म्हणायचं, ‘चढवतो’ म्हणायला पाहिजे. त्या भांडणाचा निकाल मी दिला नाही, पण दोघंही त्या दिवशी शब्दाच्या आत शिरून बघत होते.

काम ठाऊक असण्यानं केवढा फरक पडतो त्याचं एक उदाहरण ‘वेसण’. “महागाईला वेसण घातली” असं बातमीत असतं आणि मुलं अर्थ लिहितात, नियंत्रण ठेवलं. चूक नाही, पण त्यात जीव नाही. खोंड जुंपायला आला की त्याच्या दोन नाकपुड्यांमधला पडदा टोचतात आणि त्यातून दोरी ओवतात. बैल माणसाच्या कितीतरी पट ताकदीचा, पण नाकाचा तो पडदा इतका हळवा की दोरीला नुसता हिसका दिला तरी तो मान वळवतो. म्हणजे वेसण घालणं म्हणजे आपल्याहून बलवान असलेल्याची एकच नाजूक जागा हेरून ती हातात धरणं. लगाम, आळा, वेसण हे तिन्ही शब्द आपण एकाच अर्थी वापरतो, पण तिन्हींच्या मागं वेगळी दृश्यं आहेत. आता ट्रॅक्टर आलेत, बैल थोडे राहिलेत, त्यामुळं वर्गात हे सांगणारं पोर शोधावं लागतं. अजून सापडतं मात्र.

आता आपल्या भागाचं खास धन सांगतो, ते म्हणजे ओल. माणसांच्या नात्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा आपली सगळी भाषा पाण्याची आणि जमिनीची असते. मायेचा ओलावा. दगडाला पाझर फुटला. भावाभावांतली माया आटली. नुसतं कोरडं बोलून गेला. कोरडं आश्वासन दिलं. दुःख मनात मुरलं. माया म्हणजे ओल आणि तुटकपणा म्हणजे कोरड, हे कुणी ठरवून केलेलं नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बी उगवेल की नाही हे जमिनीतल्या ओलीवरून कळतं. तो मूठभर माती उचलून दाबून बघतो. गोळा झाला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही. माणसाकडं बघायचं मापही तेच झालं. पाझर हा शब्दही बघा. दुष्काळी कामांवर बांधलेले पाझर तलाव आपल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेत. “दगडाला पाझर फुटला” हे त्यांच्यासाठी पुस्तकातलं वाक्य नव्हतं. काळ्या पाषाणात विहीर खोदताना सुरुंग लावल्यावर खडकाच्या फटीतून पाण्याची धार सुटते, ते बघितलेली माणसं ती.

आणि याच कुटुंबातला एक शब्द मुलांना हमखास गोंधळात पाडतो. “पाणी अडवा, पाणी जिरवा” अशी पाटी गावात असते, आणि भांडणात म्हणतात, “त्याची चांगली जिरवली.” एकच क्रियापद, एकीकडं पुण्याचं काम, दुसरीकडं अपमान. मुरण्याचंही तसंच. शेतात पाणी मुरलं तर आनंद, आणि “पाणी कुठंतरी मुरतंय” म्हटलं की संशय. दोन्हीकडं दृश्य एकच आहे, वरचं पाणी आत जाऊन दिसेनासं होतं. ते स्वतःच्या रानात दिसेनासं झालं तर ठेव, आणि वाटेतच दिसेनासं झालं तर चोरी. त्याची जिरली म्हणजे त्याचा वर आलेला तोरा जमिनीत गेला. दृश्य एक असलं तरी बघणारा कुठं उभा आहे त्यावर अर्थ फिरतो. हे नववीतल्या मुलांना कळतं, मी शेकडो वेळा कळलेलं पाहिलंय.

इथं एक तक्रारही करून ठेवतो. हल्ली बातम्यांत आणि भाषणांत “उबदार स्वागत” आणि “थंड प्रतिसाद” हे शब्द येतात. ते थंडीच्या देशातले आहेत, तिथं ऊब म्हणजे जिव्हाळा. आपल्याकडंही आईच्या कुशीला ऊब असते, ते खरं. पण मे महिन्यात पारा 42 वर गेल्यावर आपला माणूस जिव्हाळा कशात शोधतो? “काळजाला गार वाटलं”, “लेकराला बघून डोळे निवले”, “बापाची सावली गेली”. आपलं प्रेम सावलीचं आणि गारव्याचं आहे. पाहुणा उन्हातून आला की आपण त्याच्या पायावर पाणी घालतो, आणि स्वागत मात्र उबदार लिहितो. मुलांच्या निबंधात हे शब्द दिसले की मी खाली रेघ मारून शेजारी ‘आपल्याकडं काय म्हणतात?’ एवढंच लिहीत असे.

कवितेतलं रूपक यानंतर घ्या, आधी नको. आणि घ्याल तेव्हा जनाबाईपासून घ्या, ती गंगाखेडचीच. “धरिला पंढरीचा चोर । गळां बांधोनियां दोर ॥ हृदय बंदिखाना केला । आंत विठ्ठल कोंडिला ॥” इथं ‘हृदय म्हणजे तुरुंग’ एवढ्यावर जनाबाई थांबत नाही. चोर आहे, दोर आहे, कोठडी आहे, पुढं पायात बेडी येते, मारही येतो, आणि शेवटी कैदीच काकुळतीला येतो. एक गोष्ट दुसरी मानली की तिचे सगळे अवयव ओळीनं मांडत जायचं, याला सांगरूपक म्हणतात. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईनं देवालाच कैदी केलं आणि स्वतः पहारेकरी झाली. देव मोठा आणि भक्त लहान हे नातं एका रूपकानं उलटं करून टाकलं. तिनं ‘हृदय मंदिर केलं’ म्हटलं असतं तर हे झालं नसतं. वर्गात मी बंदिखाना शब्दाच्या जागी मंदिर, घर, तळं असे शब्द ठेवून बघायला सांगत असे. प्रत्येक वेळी जनाबाई आणि विठ्ठल यांचं नातं बदलतं. पैठणच्या एकनाथांनी भारुडात कामक्रोधाला विंचू केलं तेही असंच तपासता येतं. विंचू का, साप का नाही? विंचू चावला की माणूस ठणाणा ओरडतो, गाव गोळा होतं, उतारा शोधला जातो. रागाचं अगदी तसंच असतं.

1980 मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की रूपक हा बोलण्याचा दागिना नसून विचार करण्याची रीत आहे. वादाला आपण युद्ध मानतो म्हणून बाजू लढवतो, माघार घेतो, हल्ला परतवतो, हे त्यांचं प्रसिद्ध उदाहरण. मराठीतही हे सगळं आहे. पण आपल्याकडं वाद आणि राजकारण युद्धाइतकंच कुस्तीच्या भाषेत बोललं जातं: शड्डू ठोकला, डाव टाकला, पेचात पकडलं, धोबीपछाड दिली, चितपट केलं. मला हा फरक मोठा वाटतो. युद्धात समोरचा शत्रू असतो आणि तो संपवायचा असतो. आखाड्यात समोरचा जोडीदार असतो, नियम असतात, आणि कुस्ती झाली की हरलेला गडी त्याच मातीत उद्या पुन्हा उतरतो. वर्गातल्या वादविवाद स्पर्धेला तुम्ही कुठली भाषा वापरता, त्यावर मुलं एकमेकांशी कशी वागतात ते ठरतं. माझा अनुभव तरी तसाच आहे.

इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडं येतो. रूपक वाईट असू शकतं का? असू शकतं, कारण प्रत्येक रूपक काहीतरी दाखवतं आणि त्याच वेळी काहीतरी झाकतं. कर्जाबद्दल आपण कसं बोलतो ते बघा, आपल्या भागात दुसरं उदाहरण शोधायला जायची गरज नाही. ‘कर्जाचा डोंगर’ म्हणतात. डोंगर निसर्गानं केलेला असतो, तो कुणी आणून ठेवलेला नसतो, त्याचा जाब विचारायला कुणी समोर नसतो. ‘कर्जाचा फास’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, दोरी कुणाच्या हातात आहे? ‘कर्जात बुडाला’ म्हटलं की माणूस एकटा आणि सगळीकडं पाणी. सावकार, व्याजाचा दर, हप्त्याची तारीख हे डोंगरातही दिसत नाही, पाण्यातही दिसत नाही. सरकारी कागदही यातून सुटत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा ‘बोजा’ चढतो आणि कर्ज भरलं की तो उतरतो. मजुराच्या बोलीत पैसे ‘अंगावर’ असतात. म्हणजे तलाठ्यापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांनी कर्ज हे पाठीवरचं वजन मानलंय. आणि ते संपतं तेव्हा ‘फिटतं’. हा शब्द मला फार आवडतो. धोतर फिटलं, लुगड्याची गाठ फिटली म्हणतात तेच हे फिटणं, सुटणं. कर्ज देणाऱ्याला पैसे परत मिळाले हे त्या शब्दात नाही, घेणाऱ्याची गाठ सुटली हे आहे. ज्यानं हा शब्द रूढ केला तो नक्कीच कधीतरी बांधला गेलेला माणूस असणार.

“सातबारा कोरा करा” ही घोषणा तर मुलांनी ऐकलेलीच असते. गाव नमुना 7 वर जमीन कुणाची ते असतं, नमुना 12 वर पिकांची नोंद. अक्षरशः कोरा केला तर मालकाचं नावही जाईल. तरी एकही शेतकरी हा अर्थ घेत नाही, सगळ्यांना फक्त बोजा पुसलेला दिसतो. सरळ अर्थ अडला, नातं सापडलं, हेतू कळला. मम्मटाच्या तिन्ही अटी एका घोषणेत आल्या.

आणि आता जे सांगतो ते सांगताना मला अजून जड जातं. एका वर्षी दिवाळीच्या आधी मी वर्गात घरच्यांचे व्यवसाय विचारत होतो. एक मुलगी म्हणाली, “माझे आईबाप एक कोयता हायेत.” तुमच्या गेवराईत हे वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत टोळी कोयत्यांनी मोजतात आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर ठरते. शास्त्रानं हे रूपक नाही, कारण इथं सारखेपणा नाही, नुसती लक्षणा आहे, हत्याराच्या नावानं माणूस सांगायचा. “दोनशे उंबऱ्याचं गाव” म्हणतो त्याच जातीची. पण उंबरा म्हटल्यावर घरातलं कुणी लहान होत नाही. कोयता म्हटल्यावर दोन माणसांचं एक होतं, आणि त्यातलं जे नाहीसं होतं ती बाई असते. ती पहाटे नवऱ्याबरोबर फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून नेते, आणि हिशेबात तिची मजुरी वेगळी दिसत नाही. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. त्या मुलीनं ते वाक्य अगदी सहज उच्चारलं होतं. मी फळ्यावर ‘कोयता’ लिहिलं आणि विचारलं, यात माणसं किती? ती म्हणाली, “दोन.” मग म्हणाली, “मी पण जाते सर, पण मला मोजत नाहीत.” त्या तासाला मी पुढं काही शिकवलं नाही.

म्हणून वाईट रूपक कुठलं ते ओळखायला मुलांना दुसरा प्रश्न द्यायचा, या शब्दानं कोण दिसेनासं झालं? पहिला प्रश्न शब्द कुठल्या कामाचा, दुसरा हा. दोनच पुरतात. ‘पांढरं सोनं’ म्हटलं की कापूस दिसतो, वेचणीचे ओरखडे दिसत नाहीत. “पावसानं दडी मारली” म्हटलं की पाऊस खोडकर पोर होतो आणि पाण्याचं नियोजन कुणी केलं नाही हे बाजूला राहतं. यातला प्रत्येक शब्द टाकून द्या असं माझं म्हणणं नाही, पाऊस दडी मारतो हे मीही रोज म्हणतो. पण मुलाला मागची बाजू बघता आली पाहिजे.

नव्या रूपकांना मात्र घाबरू नका. “डोकं हँग झालं”, “त्याला रेंजच येत नाही”, “तो विषय डिलीट मार” असं मुलं बोलली की काही शिक्षक अस्वस्थ होतात. ज्यांच्या हातात मोट होती त्यांनी मोटेवरून बोलावं आणि ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी मोबाइलवरून, हे भाषेत कायम असंच चाललंय. “गाडी रुळावर आली” हेही रेल्वे यायच्या आधी कुणी म्हणत नसणार.

शिकवायच्या पद्धतीचं म्हणाल तर पहिला तास ‘खाणे’ घ्या. दुसऱ्या दिवशी मुलांना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून पाच वाक्यं आणायला सांगा, ज्यात सरळ अर्थ खोटा पडतो. ती वाक्यं फळ्यावर घेतल्यावर ज्याच्या घरातून आली त्यानंच ते काम, ती वस्तू करून दाखवायची, हातांनी. मोळी कशी बांधतात, माती दाबून ओल कशी बघतात, पाचर कशी ठोकतात. व्याख्या, उपमेय, उपमान हे तिसऱ्या दिवशी. नयनकमल चौथ्या दिवशी घेतलं तरी चालतं, तोपर्यंत मुलं स्वतःच विचारतात, “सर, कमळच का?” परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातलीच व्याख्या लिहायला सांगा आणि उपमेय-उपमान वेगळं दाखवायला लावा, गुण तिथं असतात आणि ते मुलांच्या हक्काचे आहेत.

‘खाणे’च्या तासाला फळा भरत आला की मागच्या बाकावरून एखादा पोरगा ‘शेण खाणे’ म्हणेलच आणि वर्ग खदखदेल. त्याला गप्प करू नका. तेही फळ्यावर लिहा, आणि कुठल्या ढिगात घालायचं ते त्यालाच विचारा.